निर्जंतुक घरातली पोर

माझ्या हातून जितके जीव मेले, तितके एखाद्या खाटकाच्या हातूनही मेले नसतील. त्यांतला एकही नुसत्या डोळ्यांना दिसण्याजोगा नव्हता, एवढीच माझी सबब. पिरंगुटच्या एका औषधांच्या कारखान्यात मी जंतुपरीक्षण विभागात होतो. लहान मुलांची गोड औषधे तिथे बाटल्यांत भरली जात. त्या बाटल्यांत, त्या भरणाऱ्या हातांवर, यंत्रांच्या सांध्यांत कुठे जंतू दडले आहेत का, ते शोधणे हे माझे काम. ओल्या कापसाची काडी संशयित जागेवर फिरवायची, ती खाद्य घातलेल्या काचेच्या बशीवर पुसायची आणि बशी उबदार कपाटात ठेवायची. दोन दिवसांत बशीवर ठिपके उगवत; एकेक ठिपका म्हणजे जंतूंची एक भरलेली वसाहत. ज्याच्या हातावर ठिपके जास्त निघत, त्याला बोलावून मी सौम्य शब्दांत लाजवीत असे. सौम्य शब्दांत लाजवण्यात माझा हातखंडा होता.

हे सगळे आता लिहिण्याचे कारण असे की, माझी मुलगी सहा वर्षांची असताना तिने मला विचारले होते, "बाबा, शिट्टी माझ्याच छातीत का वाजते?" त्या वेळी मी "धुळीमुळे" असे म्हणून वर्तमानपत्र उघडले. उत्तर द्यायला मला तीन वर्षे लागली, आणि दिले तेही पूर्ण नव्हते.

१९९८ साली लग्न करून मी परभणीकडून इकडे आलो. कारखान्यापासून स्कूटरने पंधरा मिनिटांवरच्या एका गावात आम्ही दोन खोल्या घेतल्या. घरमालकीण अंगणापलीकडे राहत असे आणि तिच्या घराला लागून गोठा होता. गोठ्यात दोन म्हशी आणि दरवर्षी नवे रेडकू. तिला सगळे गाव आक्का म्हणे, म्हणून आम्हीही आक्का म्हणू लागलो. ती मला सायेब म्हणे. पहिली दोन वर्षे मी त्या शब्दाला आदर समजत होतो.

२००१ मध्ये मुलगी झाली. शस्त्रक्रिया करून झाली, वजनाने कमी होती, आणि रुग्णालयातून घरी आणताना मी इतका घाबरलेलो होतो की, माझ्याकडे असलेले एकुलते एक ज्ञान मी पुरेपूर वापरायचे ठरवले. घराला मी कारखान्याच्या स्वच्छ कक्षाचे नियम लावले. चपला अंगणात, पाय धुवून आत, बाळाला घेण्याआधी हातांना स्पिरिट. दारामागे मी सुवाच्य अक्षरात सूचनांचा कागद चिकटवला. माझ्या पत्नीने तो वाचला आणि खाली पेन्सिलीने लिहिले, "आईला सूट आहे का?" मी गंभीरपणे "नाही" असे उत्तर लिहिले. तो कागद तिने जपून ठेवला आहे आणि पाहुण्यांना दाखवते.

बारशाला गल्लीतल्या बायका आल्या. मी स्पिरिटची बाटली घेऊन दारात उभा राहिलो आणि प्रत्येकीला उजवा हात पुढे करण्याची विनंती केली. सर्वांत पुढे गल्लीतली सर्वांत वडील बाई होती. तिने तळहाताचा नेटका खळगा केला, डोळे मिटले, आणि मी थेंब सोडताच हात ओठांकडे नेला. मी तिचे मनगट धरले. म्हातारीने डोळे उघडून माझ्याकडे पाहिले, क्षणभर विचार केला आणि तळहातातले सगळे डोक्यावर पुसले.

"कुटलं तीर्थ म्हनायचं ह्ये?" तिने विचारले. "लई गार हाय."

मागच्या बायकांनी तिचेच पाहून तसेच केले. एकापाठोपाठ एक हात पुढे येत होता आणि डोक्यावर जात होता. मला समजावून सांगण्याचे धैर्य झाले नाही. अशा रीतीने माझ्या मुलीच्या बारशाला आलेल्या बायकांचे हात होते तसेच राहिले आणि डोकी तेवढी निर्जंतुक झाली. आक्का मागे उभी राहून हे पाहत होती. तिचा पदर तोंडावर होता आणि खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी आक्का सहाण घेऊन आली. वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरडशेंग अशी दहा-बारा मुळ्याकांड्यांची पुरचुंडी तिने उघडली आणि आईच्या दुधात एकेकाचे दोन-दोन वेढे उगाळून गुटी करायला बसली. तिच्या सासूच्या काळापासून त्या घरातली सगळी मुले त्या सहाणेवरच्या गुटीवर वाढली होती. मधोमध झिजून दगडाला खोलगट आकार आला होता. मी नम्रपणे म्हणालो, आधी तपासू या. खिशातली काडी काढून मी त्या खोलगट भागावर फिरवली आणि सकाळी कारखान्यात नेऊन उबदार कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात ती बशी ठेवली. कारखान्याच्या कपाटात घरची बशी ठेवणे नियमाविरुद्ध होते. तो नियम मीच लिहिला होता.

दोन दिवसांनी मी ती बशी घट्ट चिकटपट्टी लावून आक्कासमोर ठेवली. पिवळे, पांढरे, एक सुंदर नारिंगी, असे दाट ठिपके उगवले होते. तिला लाज वाटेल, अशी माझी अपेक्षा होती. तिने बशी उजेडात धरून निरखली.

"ह्ये समदं माज्या सानंवरचं? लई नाजूक रांगुळी हाय." मग ती माझ्याकडे वळली. "सायेब, तुमच्या हाताची बी एक काडा की. बगू तरी, सायबाची कशी निगतीया."

मी आनंदाने कबूल झालो. तिच्यासमोर साबणाने हात धुतले, काडी फिरवली, बशी नेली. दोन दिवसांनी ती बशी पाहिली आणि मी इकडेतिकडे पाहिले. माझ्या हाताचे ठिपके आक्काच्या सहाणेपेक्षा जास्त होते. कमी-जास्तीचा वाद घालावा, इतकेही आकडे जवळ नव्हते. मी ती बशी उकळत्या वाफेच्या भांड्यात टाकून नष्ट केली आणि घरी जाऊन आक्काला सांगितले, "अगदी तुरळक निघाले."

तिने पुरचुंडी बांधली, सहाण काखेत घेतली आणि गेली. गुटी बंद झाली. गुटीत काही गुण होता की नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि आजही नाही. पण मी ती बंद केली ती खोटे बोलून, आणि ते खोटे मी माझ्या विद्येच्या नावावर खपवले.

पुढचे वर्ष मी त्याहून उत्साहात घालवले. मुलीला शिंक आली की मी डॉक्टरांकडे. पहिल्या डॉक्टरांनी सांगितले की साधी सर्दी आहे, आपोआप जाईल, जंतुनाशक औषधाची गरज नाही. असा डॉक्टर मला पटणे शक्यच नव्हते. मी दुसरा शोधला आणि त्यालाही काय लिहून द्यायचे ते जवळजवळ मीच सुचवले. मुलीचा पहिला वाढदिवस होईपर्यंत तिच्या पोटात तशा सहा बाटल्या गेल्या. रिकाम्या बाटल्या मी धुऊन खिडकीत ओळीने ठेवल्या होत्या. मला ते दृश्य आवडत असे, हेही इथे नोंदवतो.

ती तीन वर्षांची झाली, त्या हिवाळ्यात भाताची झोडणी सुरू असताना तिच्या छातीत पहिल्यांदा शिट्टी वाजली. सकाळी दूध पिता पिता ती थांबली आणि बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जाऊ लागली. आम्ही तिला घेऊन धावलो. वाफेतून औषध दिले, श्वास मोकळा झाला. मग महिन्याभरात पुन्हा, आणि पुन्हा. दमा हा शब्द उच्चारला गेला. मी तत्काळ गुन्हेगार शोधून काढला: म्हैस. गोठ्याकडची खिडकी मी फळ्या ठोकून बंद केली आणि आक्काला उकिरडा दूर नेण्याची विनंती केली. तिने एका शब्दाने वाद न घालता तो बांधापलीकडे हलवला. माझी मुलगी फळ्यांमधल्या फटीला डोळा लावून रेडकू पाहत बसे.

२००६ मध्ये मुलगा झाला. तो पोटात असताना पत्नी एकदाच म्हणाली होती, "अहो, या वेळी मला जरा माझ्या मनाने करू द्या." मी म्हणालो, अवश्य, आणि सूचनांचा कागद नव्याने लिहून काढला.

त्याच वर्षाच्या अखेरीस मुलीला आम्ही पुण्यातल्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नेले. पत्नी बाळाला घेऊन बाहेर बसली होती. डॉक्टरांनी मला अनपेक्षित प्रश्न विचारले. जन्म कसा झाला, पहिल्या वर्षात जंतुनाशक औषधे किती वेळा दिली, घरात कोणाला दमा होता का. मी सहा बाटल्यांचे सांगितले. त्या लिहिता लिहिता थांबल्या. मग त्यांनी समजावले की, बाळाच्या आतड्यांत पहिल्या काही महिन्यांत जंतूंची वस्ती बसते, आणि शरीराचे संरक्षक दल कोणाशी लढायचे नि कोणाला सोडायचे हे त्या वस्तीकडून शिकते, असा अलीकडे विचार होत आहे. ती वस्ती नीट बसली नाही, तर काही मुलांत ते दल परागकणांवर आणि धुळीवरही तुटून पडत असावे आणि त्याचा त्रास श्वासनलिकेला होत असावा.

"म्हणजे माझ्यामुळे झाले," मी म्हणालो.

"तसे कोणी सांगू शकणार नाही. तुमच्या वडिलांना दमा होता, असे तुम्हीच आत्ता सांगितलेत. तिला या पंपाची औषधे नियमित द्या. बाकी चौकशी नंतर."

मग हिला आता गोठ्यात खेळू द्यावे का, असे मी विचारले, तेव्हा त्या हसल्या आणि ठामपणे नाही म्हणाल्या. दमा झालेल्या मुलीला गवताच्या धुळीत नेऊन तो बरा होत नसतो. आमच्या पहिल्या चुकीवरचा उतारा आम्ही दुसऱ्या चुकीत शोधतो, हे त्यांना माझ्या चेहऱ्यावर दिसले असावे.

बाहेर आल्यावर पत्नीने विचारले, काय म्हणाल्या. मी म्हणालो, पंप नियमित द्यायला सांगितले आहे. हे खरे होते. आयुष्यभर वहीत अचूक नोंदी करणाऱ्या माणसाला अर्धेच खरे बोलण्याची कला फार चांगली येते.

पुढच्या मार्चमध्ये एके दिवशी कारखान्यात वीज गेली आणि आम्हाला दुपारीच सोडले. माझी स्कूटर त्या दिवशी पिरंगुटात पंक्चरच्या दुकानात होती, म्हणून मी बसने आलो आणि थांब्यापासून चालत घरी निघालो. वळणावरून मला आमचे अंगण दिसले. मुलगी रस्त्याकडे तोंड करून कुंपणाच्या भिंतीवर बसली होती. गळ्यात दोरीने पंप अडकवलेला. ती टेहळणीवर होती, पण कान स्कूटरकडे लावून. चालत येणारा बाप तिच्या योजनेत नव्हता. गोठ्याच्या दारात, पोत्यावर, माझा नऊ महिन्यांचा निर्जंतुक मुलगा उघडाबंब बसला होता. त्याच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो तुकडा त्याने जमिनीवर टाकला, मातीतून उचलला, तोंडात घातला, आणि त्याच वेळी एका म्हशीने मान लांबवून त्याच्या टाळूवरून सावकाश जीभ फिरवली. तो खदखदून हसला. बाजूला माझी पत्नी आणि आक्का शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांच्या बसण्यात एक सराव होता. हे आजचे नव्हते.

मी बाभळीच्या आड उभा राहिलो. पुढे जाऊन बोलायला लागणारे सर्व सौम्य शब्द माझ्यापाशी तयार होते. पण त्या डॉक्टरबाईंचे वाक्यही होते, जे मी तीन महिने कोणाला सांगितले नव्हते. आत जाऊन हे थांबवायचे, तर मला ठाऊक असलेल्याच्या विरुद्ध वागावे लागले असते. चालू द्यायचे, तर ठाऊक असल्याचे कबूल करावे लागले असते. मी तिसरा मार्ग काढला. पाठ फिरवली, थांब्यावर परत गेलो आणि तिथल्या चहाच्या टपरीवर पाच वाजेपर्यंत बसलो. सात चहा झाले. टपरीवाल्याने अखेर काळजीने विचारले की घरी काही बोलाचाली झाली का.

पाच वाजता मी खोकत खोकत घरी आलो. मुलगा न्हाऊन, पावडर लावून पाळण्यात होता. दारामागचा कागद जागच्या जागी होता. पत्नी म्हणाली, "आज दमलेले दिसता." मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून मी वळणावर आलो की स्कूटरचा लांबलचक हॉर्न वाजवू लागलो. तिथे ना गाडी असे ना माणूस. हॉर्न वाजवून मी बाभळीखाली थांबत असे, पाच मिनिटे जाऊ देत असे, आणि मग घरी पोचून स्पिरिटने हात पुसत असे. मुलगा पाळण्यात, मुलगी अभ्यासाला, पत्नी स्वयंपाकघरात. सगळे काही कारखान्यातल्या तपासणीच्या दिवसासारखे नीटनेटके. आक्काच्या ओट्यावर सहाण पुष्कळदा ओली दिसे. मी विचारले नाही. याच सुमारास मुलीने मला तो प्रश्न विचारला आणि मी धुळीला पुढे केले.

मुलगा तीन वर्षांचा झाला, त्या हिवाळ्यात त्याच्याही छातीत शिट्टी वाजली. त्याला मांडीवर घेऊन मी ती ऐकली. मला भीती वाटली; आणि त्या भीतीच्या तळाशी हलकासा सुटकेचा आनंद झाला. म्हैस, माती, भाकरी, सहाण, सगळे मिळूनही यालाही झालेच, तर मग दोष माझा नसणार. माझ्या मुलाचा श्वास अडखळत असताना मी मनात माझा निकाल लावत होतो. इतर सर्व अपराधांना मी काही ना काही सबब शोधली आहे. त्या अर्ध्या मिनिटाला मला सापडलेली नाही. दोन दिवसांत त्याची शिट्टी गेली आणि पुन्हा कधी आली नाही. त्यामुळे मी सुटलोही नाही आणि पुरता अडकलोही नाही.

२०१० च्या उन्हाळ्यात आम्ही नेऱ्याला सदनिका घेतली. सामान टेम्पोत चढले. निघण्याआधी मी आक्काच्या ओट्यावर जाऊन बसलो. मुलगी, आता नऊ वर्षांची, शेजारी येऊन बसली. मी तिला उठवले नाही.

"आक्का, एक सांगायचे राहिले आहे. त्या वेळी माझ्या हाताची बशी काढली होती. मी तुरळक म्हणालो. ते खरे नव्हते. तुमच्या सहाणेपेक्षा जास्त होते."

आक्का सुपातले तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"ठावं हाय की. हात धुताना अंगठी कुटं काडत व्हता तुमी?"

कारखान्यात शिरताना अंगठी काढून ठेवावी, तिच्याखाली जंतू साचतात, हा नियमही माझ्याच अक्षरात फळ्यावर होता. मी माझ्या बोटाकडे पाहिले. लग्नाची अंगठी बारा वर्षे तिथेच होती.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"सायेब लई घाबरल्यालं व्हतं," आक्का म्हणाली. "आन् हॉर्नचं बी ठावं हाय. रिकाम्या रस्त्याला कोन हॉर्न वाजवतंय? बाभळीखालनं तुमची स्कूटर दिसायची समद्यांस्नी."

दारात उभी असलेली माझी पत्नी एकाएकी आत काहीतरी विसरल्यासारखी वळली. म्हणजे तीन वर्षे त्यांनी मला फसवले, मी त्यांना फसवू दिले, आणि मी फसवू देतो आहे हे आपल्याला ठाऊक असल्याचे मला कळू न देण्याचा त्यांनी शिष्टाचार पाळला.

मग मी मुलीकडे वळलो आणि राहिलेले उत्तर दिले. सांगितले की, ती लहान असताना मी घाबरून तिला नको तितकी औषधे पाजली, वाईट जंतूंबरोबर चांगलेही मारले असतील, आणि त्यामुळे तिच्या छातीत शिट्टी आली असेल. आजोबांकडूनही आली असेल. नक्की कोणालाच सांगता येत नाही. पण धुळीमुळे, असे मी म्हणालो होतो, ते मला सोयीचे होते म्हणून.

तिने आक्काला विचारले, "म्हणजे मला गुटी दिली असती, तर नसता झाला?"

मी श्वास रोखला. आक्काला हवे असते, तर तिला त्या क्षणी नऊ वर्षांचे उट्टे काढता आले असते.

"माज्या धाकट्या दिराला ह्याच सानंवरली गुटी दिली व्हती," आक्का म्हणाली. "त्यो बी दम्यानं बसूनच निजायचा. मला काय ठावं, पोरी."

मुलगी रागावेल, रडेल, असे मला वाटत होते. मी दोन्हींची तयारी केली होती. तिने शांतपणे माझा निकाल सांगितला. बारा वर्षांत मी गोठ्यात एकदाही पाय ठेवलेला नाही, हे तिने मला दाखवून दिले. तिला स्वतःला आत जायची मनाई होती, म्हणून तिच्या वतीने मी जायचे, आणि डोके पुढे करायचे.

मी चपला काढू लागलो. सवयच ती. आक्का म्हणाली, असू द्या, आत शेण हाय. मी अंगठी मात्र काढून खिशात ठेवली. का, ते सांगता येणार नाही. आत अंधार होता, गवताचा आणि दुधाचा उबदार वास होता. म्हातारी म्हैस माझ्याकडे संशयाने पाहत होती, आणि तिला तसा पूर्ण अधिकार होता. मी तिच्यापुढे वाकलो. तिने एकदा हुंगले, फुर्र केले, आणि मग कानापासून टाळूपर्यंत कानशीसारखी खरबरीत जीभ फिरवली. माझा चष्मा चाऱ्यात पडला.

गोठ्याच्या दाराबाहेर, दोन पावले अंतर राखून, गळ्यातला पंप मुठीत धरून माझी मुलगी हसू लागली. पोट धरून, वाकून, थांबून, पुन्हा पहिल्यापासून. जोरात हसले की तिला नेहमी त्रास होई. हसण्याच्या शेवटाला बारीक शिट्टी येत असे. म्हशीने दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. मी डोके तसेच वाकवून ठेवले आणि ते हसणे शेवटापर्यंत ऐकले. त्या दिवशी शिट्टी आली नाही.